सिव्हिक टाइप आर, १० हजारांचा 'ऑन' आणि ८४ महिन्यांचा हप्ता: दोन डीलरचा अनुभव

आधीच सांगतो, हा गाडीचा रिव्ह्यू कमी आणि डीलरचा जास्त आहे. दोन्ही डीलरची नावं टाकत नाहीये, कारण एकाला फुकटची प्रसिद्धी आणि दुसऱ्याशी फुकटचं भांडण दोन्ही नकोय. पहिल्याला पाचपैकी एक तारा, तोही कॉफी चांगली होती म्हणून. दुसऱ्याला चार.

मी न्यू जर्सीत राहतो, गाडी घेतली २०२३ मध्ये. होंडा सिव्हिक टाइप आर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार उभ्या असतात ती सिव्हिक नाही. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३१५ हॉर्सपॉवर, फक्त सहा गिअरची मॅन्युअल, ऑटोमॅटिक मिळतच नाही, मागे भलामोठा पंख आणि मधोमध सायलेन्सरची तीन नळकांडी. जपानात सैतामा प्रांतातल्या योरीईच्या कारखान्यात बनते आणि बोटीने अमेरिकेत येते, त्यामुळे मुळात माल कमी. त्यात त्याच वर्षी जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या) गाड्यांमधला रेकॉर्ड हिने मारला, ७ मिनिटं ४४.८८१ सेकंद, झालं, उरलेसुरलेही वेडे झाले. बायकोला हे सगळं एक तास समजावल्यावर ती म्हणाली, "पण सिव्हिकच ना? दादाकडे आहे की." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

लाँचच्या वेळी किंमत होती ४२,८९५ डॉलर, वर डेस्टिनेशन चार्ज, म्हणजे गाडी डीलरपर्यंत पोचवायचे, १,०९५. म्हणजे ४४ हजाराला दहा डॉलर कमी. मी हा आकडा डोक्यात धरून घराजवळच्या डीलरकडे गेलो. पांढरी गाडी शोरूमच्या मधोमध उभी, आत लाल सीट, पाय लटपटायला लागले राव. खिडकीवर कंपनीचा सरकारी नियमाप्रमाणे लावलेला किमतीचा स्टिकर, मोनरोनी स्टिकर म्हणतात त्याला, १९५८ च्या कायद्यापासून प्रत्येक नवीन गाडीवर लावावाच लागतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात गाडी जाईपर्यंत काढता येत नाही. आणि त्याच्या शेजारी, अगदी तसाच दिसणारा, तसल्याच कागदावर, तसल्याच अक्षरात छापलेला दुसरा स्टिकर. हा डीलरचा स्वतःचा. घाईत बघितलं तर दोन्ही कंपनीचेच वाटतात. त्यावर दोन ओळी होत्या: मार्केट अ‍ॅडजस्टमेंट (मागणी जास्त म्हणून डीलरने वर लावलेले) १०,००० आणि प्रोटेक्शन पॅकेज १,९९५.

प्रोटेक्शन पॅकेज म्हणजे काय विचारलं तर दाराच्या कडांना प्लास्टिकची पट्टी, काचेवर गाडीचा नंबर कोरणे, आणि टायरमध्ये नायट्रोजन. अरे बाबा, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्याचे तू दोन हजार घेणार?

सेल्समन आपल्यातलाच होता, म्हणजे देशी. नाव ऐकून लगेच हिंदीवर आला. "भाईसाब, आप अपने आदमी हो, पॅकेज मैं निकाल देता हूँ." आणि १० हजार? "वो तो मार्केट है भाईसाब, मेरे हाथ में नहीं." म्हणजे प्रेमाने १,९९५ सोडायचे, तेही मुळात नसलेले, आणि १० हजार तसेच ठेवायचे. तो कागद मुळात एवढ्यासाठीच छापलेला असतो हे मला नंतर कळलं.

रात्री पुण्यात बाबांना फोन केला. त्यांना मार्केट अ‍ॅडजस्टमेंट वगैरे काही सांगावं लागलं नाही, लगेच म्हणाले, "म्हणजे ऑन." बरोबर! ऑनच. त्यांच्या वेळी बजाजच्या चेतक स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लागायचा, ज्याचा नंबर लागला तो वर पैसे घेऊन दुसऱ्याला विकायचा, त्याला ऑन म्हणायचे. आकुर्डीच्या स्कूटरला जे चाललं तेच इथे चाललंय, फक्त तिथे ऑन गुपचूप द्यायचे आणि इथे तो छापून काचेवर लावतात. बाबांचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता, "पण एमआरपीच्या वर कसं काय विकतात? तक्रार कर." आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीच्या वर एक रुपया घेतला तरी तक्रार करता येते. इथे एमएसआरपी असतं आणि सगळा घोळ त्या मधल्या 'एस'मध्ये आहे. एस म्हणजे सजेस्टेड. कंपनी फक्त सुचवते. डीलर हा स्वतंत्र धंदा, गाडी तो कंपनीकडून विकत घेतो आणि मग त्याला वाटेल त्या भावाला विकतो. कंपनी फार तर नाराजीचं पत्र पाठवेल.

आता खरी गोष्ट. मला १० हजारांचा राग आला होता पण तो निदान दिसत तरी होता. पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन परत गेलो (हो, गेलो, गाडी डोळ्यासमोरून हलत नव्हती). या वेळी त्याने किंमतीचं नावच काढलं नाही. एक कागद घेतला, चार चौकोन पाडले आणि विचारलं, महिन्याला किती जमेल? मी भोळसटासारखं सांगितलं, पावणेआठशेपर्यंत. तो आत गेला, दहा मिनिटांनी आला, एका चौकोनात ७७९ लिहिलं आणि त्याला गोल केला. मी मनात हिशेब केला होता तो ७७३ चा होता, म्हणजे क्रेडिट युनियनकडून (आपली पतपेढी असते तसं) ४० हजार कर्ज, ५.९९ टक्के, ६० महिने. मला वाटलं सहा डॉलरचाच तर फरक आहे, आणला की याने बजेटमध्ये! पेन हातात घेतलं होतं मी, खोटं कशाला सांगू.

बायकोने कागद उलटा फिरवून स्वतःकडे घेतला. "अरे, ८४ महिने म्हणजे किती वर्षं सांग बघू?" सात. "चिरंजीव दुसरीत आहेत, कर्ज फिटेल तेव्हा नववीत असतील." मग तिने फोनवर गुणाकार केला.

त्याचा कागद: कर्ज ५० हजार, ७.९९ टक्के, ८४ महिने, हप्ता ७७९. एकूण भरायचे ६५,४४० च्या आसपास. माझा हिशेब: कर्ज ४० हजार, ५.९९ टक्के, ६० महिने, हप्ता ७७३. एकूण ४६,३९० च्या आसपास. महिन्याला सहा डॉलरचा फरक आणि शेवटी १९ हजारांचा! १० हजारांचा ऑन त्याने हप्त्यात असा विरघळवला होता की चहात साखर, आणि वर स्वतःचं व्याज. शिवाय त्या १० हजारांवरचा सेल्स टॅक्स, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, म्हणजे ६६२ डॉलर, डाउन पेमेंटमध्ये वाढवून मागितले होते ते वेगळेच. आम्ही उठलो. तो दारापर्यंत मागे आला, पार्किंगमध्ये येईपर्यंत ऑन ७ हजारांवर आला होता. बायको म्हणाली अजून दोनदा दार उघडझाप केलं तर फुकट देईल.

मग मी नीट कामाला लागलो. पंचवीसेक डीलरना एकच ईमेल, दोन ओळींचा: टाइप आर हवी, रंग कुठलाही चालेल, मार्कअप (म्हणजे ऑनच) न लावता देणार असाल तर टॅक्स, फी सगळं धरून आउट द डोअर आकडा लेखी पाठवा. आपल्याकडचं ऑन-रोड, तेच. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही, काहींनी 'या, भेटून बोलू' (जायचं नाही, भेटून बोलू म्हणजे चार चौकोन), एकाने २० हजार वर मागितले आणि खाली स्मायली टाकला. तिघांनी मार्कअप नाही म्हणून लिहून दिलं पण नंबर लावावा लागेल. एक गोष्ट लक्षात ठेवा, ही गाडी आपल्या मनाने ऑर्डर करता येत नव्हती, डीलरला कंपनीकडून जी येईल ती, त्यामुळे रंगाचा हट्ट सोडला की नंबर लवकर लागतो. मला निळी हवी होती, करडी मिळाली, आता विचाराल तर करडीच आवडते.

त्या तिघांतला एक, पेनसिल्व्हेनियातला, अडीच तासांवरचा, लहान गावातला डीलर. ५०० डॉलर डिपॉझिट, क्रेडिट कार्डवर, परत मिळणारं. मी अडून बसलो की बायर्स ऑर्डरवर (खरेदीच्या कागदावर) 'एमएसआरपी, मार्कअप नाही, अ‍ॅक्सेसरी नाही' असं लिहा आणि मॅनेजरची सही करा. कुरकुरत केली. एक तारा इथे कापला कारण मधले तीन महिने कुणी फोन उचलेना, मीच दर पंधरा दिवसांनी आठवण करून द्यायचो. सात महिन्यांनी गाडी आली आणि किंमत खरंच तेव्हाच्या स्टिकरचीच होती, साडेचव्वेचाळीस हजार. डॉक फीला (कागदपत्रांच्या फीला) पेनसिल्व्हेनियात कायद्याने मर्यादा आहे, न्यू जर्सीत नाही, तेवढा थोडा फायदा. टॅक्स मात्र वाचत नाही, जिथे रजिस्ट्रेशन तिथला लागतो, तेव्हा त्या आशेने कुणी राज्य ओलांडू नका. जुनी अकॉर्ड मी त्यालाच दिली ८ हजाराला, आधी ऑनलाइन दोन ठिकाणचे भाव काढून ठेवले होते म्हणून त्याचा ६,५०० चा पहिला आकडा ऐकून फक्त हसलो. ट्रेड-इन, म्हणजे दिलेल्या जुन्या गाडीची किंमत, वजा करून टॅक्स लागतो त्यामुळे अजून ५३० डॉलर वाचले.

पण देव माणूस कुणीच नसतो. किंमत सरळ असली की पुढे फायनान्सची खोली असते. छोटीशी खोली, खिडकी नाही, टेबलावर पेढ्यांच्या जागी चॉकलेटं. तिथला माणूस अतिशय गोड. म्हणाला, तुमचा क्रेडिट स्कोअर मस्त आहे, ७.४९ टक्के मिळवून दिलाय. मी खिशातून फोन काढला, क्रेडिट युनियनचं मंजुरीपत्र उघडलं, ५.९९, आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवला. काही बोललो नाही. त्याने कीबोर्डवर दोन मिनिटं काहीतरी बडवलं आणि म्हणाला, मॅच होतंय. दोन मिनिटांत दीड टक्का गेला! कुठे गेला? बँक डीलरला एक दर देते, त्यावर स्वतःचा दर लावायची डीलरला मुभा असते, मधला फरक त्याचा. कागदावर फक्त शेवटचा दर छापतात, आतला दर आपल्याला दिसतच नाही. माझ्या कर्जावर तो फरक महिना २८ डॉलर, पाच वर्षांत १,७०० च्या जवळपास. ऑन निदान काचेवर चिकटवलेला असतो, हा कुठेच चिकटवलेला नसतो, म्हणून मला हा जास्त डांबरट वाटतो.

(मंजुरीपत्र आणताना क्रेडिट स्कोअर पडेल म्हणून लोक घाबरतात. दोन आठवड्यांच्या आत तीन-चार ठिकाणी चौकशी केली तर वाहनकर्जासाठी ती सगळी मिळून एकच धरतात. बिनधास्त करा.)

त्यानंतर वॉरंटी, गॅप इन्शुरन्स (गाडी पूर्ण गेली तर विम्याचे पैसे आणि उरलेलं कर्ज यातला फरक भरणारा), टायरचा इन्शुरन्स, सगळं 'महिन्याला फक्त' या भाषेत. गॅपसाठी मी क्रेडिट युनियनला आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांचा भाव ह्याच्या निम्म्याहून कमी होता. टायरचा विचार मात्र करा, १९ इंची चाकं आणि ३० प्रोफाइलचे, म्हणजे अगदी चपटे, टायर आहेत, न्यू जर्सीच्या खड्ड्यात माझी एक रिम गेलीच. सही करताना घाई नको, कारण शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला तीन दिवसांत परत वगैरे काही नसतं, तो लोकांचा गैरसमज आहे. त्या वर्षाच्या शेवटी सरकारच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकी संस्था) डीलरच्या अशा चलाख्यांवर नियम काढला होता, पूर्ण किंमत सांगा, फुकाच्या वस्तू गळ्यात मारू नका वगैरे, पण जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे राखणदार आपणच.

गाडी? गाडी अफलातून आहे. गिअर टाकताना जो आवाज आणि जो खटका बसतो त्यासाठी मी सकाळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने ऑफिसला जातो. मागे दोघांचीच जागा, मधला सीटबेल्ट नाही, आई-बाबा आले की पाचव्या माणसाला घरीच ठेवावं लागतं.

गाडी घरी आणली त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवली. पंख बघितला, तीन नळकांडी मोजली, मग विचारलं, "शेवटी ऑन किती दिलास?"

काहीच नाही म्हटलं, छापील किमतीला मिळाली.

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तरी एकदा खालून नीट बघून घे. काहीतरी खोट असल्याशिवाय देणार नाही असा."