स्मार्टवॉचचे खोटे आकडे आणि आमच्या घरातले अकरा दिवस

माझे एकूण ४,९९८ रुपये गेले. त्याची हळहळ आहेच, पण लिहायला बसले ते पैशांसाठी नाही. त्या घड्याळावर विसंबून माझ्या सासऱ्यांनी अकरा दिवस बीपीची गोळी अर्धी केली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्याही घरात असं स्वस्तातलं घड्याळ आलं असेल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मी साताऱ्यात राहते, वय ४४, एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. दोन वर्षांपासून पळते आहे. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलं होतं. २१ किलोमीटर, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत उतरायचं. आमच्या ग्रुपमध्ये एक डॉक्टर मॅडम आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळणाऱ्या. त्यांनी सांगितलं होतं की लांब पल्ल्याच्या दिवशी जीव काढून पळायचं नाही, ठोके ताब्यात ठेवायचे. ढोबळ हिशेब २२० वजा वय. म्हणजे माझे जास्तीत जास्त ठोके मिनिटाला १७६ धरायचे आणि सावकाश पळताना त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहायचं. माझ्यासाठी १०६ ते १२३. यालाच सगळे झोन टू म्हणतात. आता पळता पळता ठोके कळायचे, तर मनगटावर घड्याळ हवं.

चांगल्या कंपनीची घड्याळं बघितली. ज्यात स्वतःचं जीपीएस आहे, ती माझ्या बजेटच्या बाहेर होती. त्याच आठवड्यात मोबाईलवर रील्स बघताना एक जाहिरात आली. नामांकित कंपनीचं नाव, तिचाच लोगो, आणि खाली ‘गोदाम रिकामं करायचं आहे, शेवटचे दोन दिवस’. छापील किंमत १४,९९९, आता फक्त २,४९९. ठोके, ऑक्सिजन, बीपी, शुगर, झोप, जीपीएस, सगळं आहे म्हणे. खाली शेकडो लोकांचं कौतुक. पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे होते, म्हणून मला वाटलं की यात काय धोका? माझी पहिली चूक ती. वस्तू आल्यावर पैसे म्हणजे आधी वस्तू तपासून मग पैसे, असं माझ्या डोक्यात होतं. पार्सल घेऊन आलेला मुलगा म्हणाला, “ताई, आधी पेमेंट, मग पाकीट उघडा. आम्हाला उघडून दाखवायची परवानगी नाही.” बाहेर पाऊस होता, तो भिजत उभा होता. मी पैसे दिले.

घड्याळ दिसायला इतकं झकास होतं की शंकेला जागाच नव्हती. काचेवर झळाळी, मागे हिरवा दिवा लुकलुकणारा, पट्टा मऊ. खोक्यात एक क्यूआर कोड होता, तो स्कॅन करून ॲप घ्यायचं. त्या ॲपने माझे कॉन्टॅक्ट, मेसेज, फोटो सगळ्यांची परवानगी मागितली आणि मी देऊन टाकली. बिल नव्हतं. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

पहिले तीन आठवडे मी खूष होते. सपाटीवर पळाले, ठोके ११९. चढावर पळाले, १२१. पळता पळता शेजारणीशी बोलता येईना, इतका दम लागला, तरी घड्याळ म्हणत होतं १२२. मला वाटलं, तब्येत सुधारते आहे, अजून थोडा जोर लावायला हरकत नाही. रोज हिशेब बघणारी बाई मी, समोर आकडा दिसला की मान डोलावते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या मारल्या, म्हणजे चार किलोमीटर. घड्याळाने ५.३ दाखवले. ग्रुपमध्ये विचारलं तर एक जण म्हणाला, “पट्टा सैल असेल. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. घामानेही चुकतं.” हे खरंच आहे. चांगल्या कंपनीचं घड्याळही सैल पट्ट्याने, घामाने, थंडीने चुकतं. कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतं. पण या खऱ्या कारणांच्या आड माझं खोटं घड्याळ तीन आठवडे लपून राहिलं.

जुलैतला रविवार होता. यवतेश्वरच्या घाटात धुकं इतकं, की पुढची माणसं नुसती रंगीत ठिपक्यांसारखी दिसत होती. देवळाच्या अलीकडच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कानात गरम वाफ सोडल्यासारखं झालं आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. डॉक्टर मॅडम मागून आल्या. “बोलू नकोस. हात दे.” त्यांनी अंगठ्याखाली दोन बोटं टेकवली आणि स्वतःच्या साध्या काट्याच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागल्या. १५ सेकंदांत ४१. म्हणजे मिनिटाला १६४, आणि तेही थांबल्यानंतर, नाडी उतरायला लागलेली असताना. त्यांनी माझं मनगट उलटं केलं. घड्याळावर १२१.

“हे घड्याळ कुठून घेतलंस गं?” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही दोघी चालत खाली आलो.

घरी आल्यावर मी घड्याळाच्या मागच्या काचेवर इलेक्ट्रिकवाले वापरतात ती काळी चिकटपट्टी दुहेरी लावली. उजेड आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. मग घड्याळ स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी नुसतं ठेवलं. ठोके ७२. ‘रनिंग’ मोड लावला, आकडा चढत चढत ११८ वर गेला. ओटा काही पळत नव्हता. बीपी दाबलं, गोल गोल चाक फिरलं आणि आलं ११८/७६. शुगरही आली. रात्री तेच घड्याळ टेबलाच्या खणात ठेवलं, तर सकाळी सात तास चाळीस मिनिटांची झोप नोंदवलेली.

बीपीचा तो आकडा मी कुठेतरी आधी पाहिला होता. कुठे, ते आठवायला दोन मिनिटं लागली आणि मग अंगावर सरसरून काटा आला. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर. आप्पा, माझे सासरे, ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी मी पळून आले की म्हणायचे, “सूनबाई, तुझं ते घड्याळ दे बरं जरा.” मला वाटायचं, कौतुकाने मागतात. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ११८/७६, १२१/७८, ११७/७५, असे अकरा दिवस. मी औषधांचा डबा उघडला. कोपऱ्यात चांदीच्या कागदात गुंडाळून गोळ्यांचे अर्धे तुकडे जपून ठेवलेले.

आप्पा शांतपणे म्हणाले, “रोज नॉर्मल दाखवतंय, मग उगाच जास्तीचं औषध कशाला पोटात घालायचं? डॉक्टरांकडे जाऊन तरी ते हेच म्हणाले असते.”

संध्याकाळीच आमच्या डॉक्टरांकडे गेलो. दंडाला पट्टा बांधून मोजलं, १७२/९८. थोडं थांबून परत मोजलं, १६८/९६. डॉक्टर आप्पांना रागावले नाहीत, पण गोळी पूर्ण सुरू केली आणि आठवडाभर रोज तपासायला सांगितलं. दंडावरच्या पट्ट्यात हवा भरून रक्तवाहिनी दाबली जाते, मग हळूहळू सोडली जाते, तेव्हा बीपी कळतं. मनगटावरच्या स्वस्त घड्याळात असलं काहीच नसतं. सॅमसंगच्या ज्या घड्याळात बीपीची सोय आहे, तिथेही दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी आकडे जुळवून घ्यावे लागतात. आणि शुगरबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता: सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. हे मला आधी माहीत असतं, तर जाहिरातीतला ‘शुगर’ हा शब्द वाचूनच मी पुढे सरकले असते.

पोवई नाक्याजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या मुलाला घड्याळ उघडायला सांगितलं. खऱ्या घड्याळात हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि शेजारचा सेन्सर तो टिपतो. त्या मुलाने चिमट्याच्या टोकाने दाखवलं, “हा बघा दिवा. आणि सेन्सर असायला पाहिजे तिथे नुसता काळा ठिपका छापलाय.” जीपीएसचा पत्ताच नव्हता. हात हलला की पाऊल धरायचं आणि पावलांवरून किलोमीटर काढायचे, एवढंच ते करत होतं.

यानंतर मी दुसऱ्यांदा फसले, आणि ते सांगायला मला जास्त जड जातंय. पैसे परत मागायचे म्हणून मी इंटरनेटवर कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं आणि वर आलेल्या पहिल्याच नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला, माफी मागितली, व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. “मॅडम, हा स्कॅन करा, २,४९९ दिसेल, पिन टाकला की रिफंड जमा.” मी चिडलेली होते, थकलेली होते. पिन टाकला. २,४९९ परत यायच्या ऐवजी अजून तेवढेच गेले. पैसे घेताना यूपीआय पिन कधीही लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे मी ऑफिसात दुसऱ्यांना सांगत आले आहे.

मुलीने लगेच १९३० ला फोन लावायला लावला. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली आणि तक्रार क्रमांक दिला. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर स्क्रीनशॉटही चढवले. दुसऱ्या व्यवहारातले पैसे बँकेने पुढच्या खात्यात अडवून ठेवलेत, अजून हातात आलेले नाहीत. पहिल्या २,४९९ ची आशा मी धरलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की विक्रेत्याचं नाव, पत्ता काय? माझ्याकडे होतं काय, तर पाकिटावरचं अर्धं फाटलेलं लेबल आणि बंद झालेली वेबसाईट. खऱ्या कंपनीच्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने सिरियल नंबर बघून सांगितलं की हे आमचं नाहीच.

विक्रेता सापडत असेल, तर आपल्या हातात बरंच काही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणूनच बिल आणि पत्ता यांच्यासाठी आधी हट्ट धरायचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, तक्रार कुणाकडे करायची ते उघड लिहिलं पाहिजे. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं ते आणि ग्राहकसेवेचा नंबर हवा. माझ्या खोक्यावर फक्त १४,९९९ चं स्टिकर होतं. स्मार्टवॉचला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा घड्याळाच्या मागे ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका, कंपनीचं आणि वस्तूचं नाव समोर येतं. माझ्या घड्याळाच्या मागचा क्रमांक मी घड्याळ घेतल्यावर महिन्याने टाकून बघितला, काहीच आलं नाही.

आणि घड्याळ आधीच घरात असेल, तर आज ही काळ्या पट्टीची परीक्षा घ्या. नुसतं टेबलावर ठेवून बघणं पुरेसं नाही, कारण चांगली घड्याळंही कधी कधी भलत्याच वस्तूवर आकडा दाखवतात. मागची काच पूर्ण झाका, मग मोड बदला. आकडा मोडप्रमाणे बदलत गेला तर ते घड्याळ मोजत नाहीये. जिना दोनदा चढा-उतरा आणि लगेच मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा. पाच-दहाचा फरक चालेल, चाळीसचा नाही. ते ॲपही काढून टाका, आणि काढण्याआधी त्याला दिलेल्या परवानग्या बंद करा.

यंदाची मॅरेथॉन मी पळणार नाही, डॉक्टर मॅडमनी आधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करायला सांगितलं. दोन्ही ठीक आलं. आता घाटात प्रत्येक वळणावर थांबून बोटांनी मोजते. मागचे सोबती पुढे जातात, जाऊ देते.

आप्पांसाठी दंडाला बांधायचं मशीन आणलं, बिलासकट, औषधाच्या दुकानातून. ते पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी जुळवून घेतलं. जुलैच्या पानावरचे अकरा आकडे आप्पांनी स्वतः खोडरबरने पुसले, पण पेन्सिलीचे वळ अजून दिसतात. आज सकाळी त्यांनी मला हाक मारून नवा आकडा पेनाने लिहायला लावला. १३४/८४.