थिंकपॅड टी४४०पीमध्ये चार कोअरचा प्रोसेसर बसवताना

लेनोवोने २०१३ साली आणलेल्या थिंकपॅड टी४४०पी या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत, बसवलेला असतो, म्हणून तो काढून दुसरा घालता येतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे हॅसवेलपर्यंत, ही सोय होती. त्यानंतर लॅपटॉपसाठीचे इंटेलचे प्रोसेसर थेट मदरबोर्डवर सोल्डर होऊन येऊ लागले आणि प्रोसेसर बदलायचा तर अख्खा मदरबोर्डच बदलण्याची वेळ आली. माझ्या टी४४०पीमध्ये मुळात इंटेलचा आय५-४३००एम हा प्रोसेसर होता. त्या जागी मी आय७-४७०२एमक्यू बसवला. काही महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हा खर्च ठरावीक कामांसाठी पुरेपूर वसूल होतो आणि इतर कामांसाठी जवळजवळ वाया जातो.

दोन्ही प्रोसेसरचे आकडे शेजारी ठेवले की याचे कारण कळते. आय५मध्ये २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे प्रवाह) आहेत, मूळ गती २.६ गिगाहर्ट्झ असून ती ३.३ पर्यंत चढते, आणि कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी, ३ एमबी आहे. आय७मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत, कॅशे ६ एमबी आहे, परंतु मूळ गती २.२ आणि कमाल गती ३.२ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे नावाने वरचढ असलेला प्रोसेसर एका कोअरच्या गतीत किंचित मागेच आहे. दोघांची पिढी एकच असल्यामुळे घड्याळाच्या एका ठोक्यात (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात ते हेच ठोके) होणारे कामही सारखेच असते. जो फायदा मिळायचा तो कोअरच्या संख्येतून आणि थोडाफार मोठ्या कॅशेमधून.

रोजच्या कामात मला नेमके हेच जाणवले. कागदपत्रे उघडणे, पत्रव्यवहार करणे, ब्राउझरमध्ये वाचन करणे या कामांत बदलापूर्वी आणि बदलानंतर सांगण्यासारखा फरक नव्हता. लांबलचक व्हिडिओचे रूपांतर करताना, मोठा प्रकल्प कंपाइल करताना (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवताना) किंवा आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू ठेवून दुसरे काम करताना मात्र फरक डोळ्यांत भरतो, आणि पूर्वी रूपांतर सुरू असताना लॅपटॉप बाजूला ठेवावा लागत असे तो आता हाताखाली राहतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम इथे फार उपयोगी पडतो. कामाचा जेवढा भाग वाटून करता येत नाही, तेवढा भाग कितीही कोअर वाढवले तरी पूर्वीइतकाच वेळ घेतो. १०० सेकंदांच्या कामातला अर्धाच भाग वाटता येत असेल, तर कोअर दुप्पट केल्यावरही त्या कामाला ७५ सेकंद लागतात.

उष्णतेचा विचार करूनच मी हा प्रोसेसर निवडला. आय५प्रमाणे याचीही उष्णतेची मर्यादा ३७ वॅटची आहे, तर आय७-४७१०एमक्यूसारखे अधिक गतीचे पर्याय ४७ वॅटचे आहेत. तोच पंखा आणि तोच हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) ठेवून जास्त वॅटचा प्रोसेसर घालणे मला पटले नाही, कारण तापमान वाढले की प्रोसेसर स्वतःच गती खाली आणतो आणि ज्या गतीसाठी जादा पैसे मोजले ती गती फार वेळ टिकत नाही.

बदलाचे काम अवघड नाही, पण निवांतपणे करण्याचे आहे. आधी बॅटरी काढावी लागते, मग तळाचे झाकण, त्यानंतर प्लास्टिकची चौकट आणि हीटसिंक. शेवटी सॉकेटवरचा स्क्रू फिरवला की जुना प्रोसेसर सुटतो. नऊशेहून अधिक बारीक पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, त्यामुळे त्याला फक्त कडेने धरावे आणि बसवताना मुळीच दाबू नये. पिना सरळ असतील तर तो आपल्या वजनानेच जागेवर बसतो. एक गोष्ट आवर्जून सांगतो: जुन्या प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा लेप) आधी बदलून पाहा. मी तसे केले तेव्हा पंख्याचा आवाज बराच उतरला. तेच श्रेय मी पुढे नव्या प्रोसेसरला चुकून देऊन बसलो असतो.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क आहे किंवा ४ जीबीच रॅम आहे, त्यांनी प्रोसेसरचा विचारसुद्धा आत्ता करू नये. टी४४०पीमध्ये १६ जीबीपर्यंत रॅम बसते आणि साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घालता येते, आणि या दोहोंचा परिणाम प्रत्येक कामात जाणवतो. खरेदीपूर्वीची माझी तपासणी अशी असते: विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर आलेखावर माउसची उजवी कळ दाबून लॉजिकल प्रोसेसर निवडावेत, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख दिसतो, आणि नेहमीचे जड काम सुरू करावे. आय५च्या चार थ्रेडचे चारही आलेख बराच वेळ माथ्याला टेकलेले राहिले, तर चार कोअरचा उपयोग होईल. एकच आलेख वर आणि बाकीचे खाली असतील, तर जास्त कोअर रिकामे बसून राहतील. आणि सगळेच आलेख खाली असूनही लॅपटॉप अडखळत असेल, तर दोष डिस्कचा किंवा मेमरीचा असण्याची शक्यता जास्त.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीतला कोणताही आय७ ही अट पूर्ण करत नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि व्हिडिओचे काम जवळपास रोजचे आहे, म्हणून मी हा खर्च केला. केवळ विंडोजवर अवलंबून असलेल्या माणसाला मी तीच रक्कम नव्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवायला सांगेन.