सेल्फ वॉटरिंग कुंडी: हॉलमधल्या झाडांसाठी घ्यावी का?

घ्यावी, पण सगळ्या झाडांसाठी नाही आणि नर्सरीतून आलेल्या मातीसकट तर अजिबात नाही. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, टीव्ही युनिटवर झाडं ठेवणाऱ्यांसाठी ही कुंडी सोयीची आहे. खाली बशी लागत नाही, फर्निचरच्या लॅमिनेटवर पाण्याचे डाग पडत नाहीत आणि वरची माती कोरडी राहत असल्याने त्या बारीक काळ्या चिलटांचा त्रासही कमी होतो, कारण चिलटांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर ओल्या थरातच वाढतात. ‘पाणी घालायची कटकट संपली’ हा विक्रेत्यांचा दावा मात्र अर्धाच खरा. कटकट संपत नाही, तिचं वेळापत्रक बदलतं.

आतली रचना साधी आहे. बाहेरची कुंडी ही टाकी, आतली कुंडी मातीची, आणि टाकीतलं पाणी मातीत चढवायला काहीतरी माध्यम. स्वस्त कुंड्यांमध्ये हे काम दोरी करते. समईतली वात तेल ओढते तसंच ती पाणी ओढते, म्हणून बागकाम करणारे तिला वातच म्हणतात. थोड्या मोठ्या कुंड्यांमध्ये आतल्या भांड्याच्या तळाला खाली उतरलेला पोकळ, भोकं पाडलेला पाय असतो. त्यात भरलेली माती पाण्यात बुडते आणि तीच वातीचं काम करते. तिसरा प्रकार महागडा, दाणेदार मिश्रणाचा. जर्मनीचा लेचुझा हा ब्रँड त्यासाठी प्रसिद्ध आहे. प्लेमोबिलची खेळणी बनवणाऱ्या ब्रांडस्टेटर कंपनीचीच ही कुंडी. तिच्यासोबत येणाऱ्या मिश्रणात प्युमिस, झिओलाइट आणि लाव्हा दगडाचे दाणे असतात, माती नसतेच. काम उत्तम करते, पण आपल्याकडच्या साध्या हॉलसाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

६ इंचांपर्यंत वातीची कुंडी चालते. ८ इंच आणि त्यावर पायाचीच घ्या. मोठ्या कुंडीत एका वातीचं पाणी पुरत नाही, आणि माती बसली की वात आणि माती यांच्यात पोकळी राहून ओढ तुटते. वरून सगळं ठीक दिसतं, टाकी भरलेली असते आणि झाड तहानेने मान टाकतं.

दुकानात कुंडी उलटीपालटी करून बघायला लाजू नका. टाकीच्या भिंतीला जादा पाणी बाहेर पडायचं भोक हवं, आणि ते आतल्या भांड्याच्या तळापेक्षा निदान एक-दोन सेंटिमीटर खाली हवं. मधली ही हवेची फट नसेल तर टाकी भरताच मातीचा तळ पाण्यात बसतो, मग या कुंडीत आणि बादलीत फरक उरत नाही. काही कुंड्यांना हे भोकच नसतं. त्या घरात कशाबशा चालतील, पण बाल्कनीत एका पावसात काठोकाठ भरतील. पाणी भरायचं तोंड तांब्याची धार जाईल इतकं रुंद आहे का, पातळी दाखवणारा तरंगणारा दांडा हलवला की अडकतो का, आणि भरलेलं आतलं भांडं उचलायला कड आहे का, हेही तिथेच तपासा. पारदर्शक टाकी फोटोत छान दिसते. उजेडात आठवडाभरात तिच्यात शेवाळ धरतं आणि मग ती कोणाला दाखवावीशी वाटत नाही. अपारदर्शक घ्या.

आता कुंडीत भरायचं मिश्रण. या कुंडीबद्दलच्या बहुतेक तक्रारी कुंडीच्या नसतात, मिश्रणाच्या असतात. नर्सरीतलं झाड चिकट लाल मातीत तरी असतं, नाहीतर निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात. चिकट मातीतली छिद्रं इतकी बारीक असतात की वातीने आणलेलं पाणी ती सगळी व्यापून टाकतं, हवेला जागाच उरत नाही. मुळं गुदमरतात, मग कुजतात. लक्षणं ठरलेली: खालची पानं एकेक करून पिवळी पडतात, खोड बुडाशी मऊ लागतं आणि कुंडी उचलली की गटारासारखा वास येतो. नुसतं कोकोपीटही याच वाटेने जातं, फक्त जरा उशिरा.

चालणारं मिश्रण मापाने असं: चार भाग कोकोपीट, तीन भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), एक भाग गांडूळखत. ८ इंची कुंडीत साधारण ४ लिटर मिश्रण मावतं, म्हणजे २ लिटर कोकोपीट, दीड लिटर परलाइट, अर्धा लिटर गांडूळखत. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून ८ लिटरच्या आसपास होते, तेव्हा एका विटेत अशा चार कुंड्या निघतात. वीट भिजवून तसंच वापरू नका. नारळाच्या भुशात मीठ असतं. दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून, फडक्यात पिळून, पाण्याचा गडद तपकिरी रंग फिका होईपर्यंत धुवा. परलाइट पिशवीतच थोडं ओलं करा, त्याची धूळ नाकात जाणं चांगलं नाही. गांडूळखत याहून वाढवलं तर मिश्रण दबतं. पायाच्या कुंडीत पायातल्या भागात खत अजिबात नको, तिथे फक्त कोकोपीट आणि परलाइट. सेंद्रिय काहीही पाण्यात बुडून राहिलं की टाकीला वास लागतो.

वातीची चाचणी झाड लावण्याआधी करा. नव्या नायलॉन वातीवर कारखान्यातला तेलकट लेप असतो, तो गरम पाण्यात साबणाने धुऊन काढा. मग ओल्या वातीचं एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि दुसरं काठावरून बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबू द्या. अर्ध्या तासात थेंब पडायला लागले तर वात कामाची. सुती वात सुरुवातीला झकास ओढते, पण काही महिन्यांत कुजून तुटते आणि हे आत घडत असल्याने कळतही नाही. ती आधीच बदला. स्वेटर विणायच्या अॅक्रेलिक लोकरीचे तीन पदर वेणीसारखे गुंफले की कुठल्याही विकतच्या वातीइतकं काम होतं. लोकर अॅक्रेलिकच हवी, खऱ्या लोकरीचा इथे उपयोग नाही. वातीची निम्मी लांबी मिश्रणात हवी आणि ती सरळ उभी न ठेवता कुंडीच्या मध्यावर एक वेटोळं द्या, म्हणजे ओल सगळीकडे पोहोचते.

झाड बसवताना जुनी माती हलक्या हाताने झाडा, मुळांभोवतीचा एक तृतीयांश गोळा राहिला तरी चालेल. मुळांच्या मध्यभागी जाळीचा छोटा कप किंवा स्पंजचा तुकडा सापडला तर कात्रीने कापून काढा, तो कायम ओला राहतो आणि कूज तिथून सुरू होते. पहिले दोन आठवडे टाकी रिकामी ठेवून वरूनच पाणी घाला. मिश्रण एकदा वरून पूर्ण भिजल्याशिवाय वातीची ओढ सुरूच होत नाही. डब्यावरच्या सूचनेत ‘टाकी भरा आणि विसरा’ असं असतं, पण कोरडं मिश्रण आणि भरलेली टाकी या जोडीने पहिल्या आठवड्यातच झाडं वाळतात. दोन आठवड्यांनी टाकी एक तृतीयांश भरा, नंतर हळूहळू पूर्ण. आणि टाकी रिकामी झाली रे झाली की लगेच भरायची नाही. दोन-तीन दिवस कोरडी राहू द्या, तेवढ्यात मुळांना हवा मिळते.

झाडांचं म्हणाल तर पीस लिली या कुंडीसाठीच जन्मली आहे. सिंगोनियम, फर्न, स्पायडर प्लांट, कॅलाथिया, मनी प्लांट उत्तम. अरेका पाम भरपूर पाणी पितो, त्याला १२ इंची पायाची कुंडी द्या. अग्लोनिमा चालतो, पण टाकी अर्धीच भरावी. रबर प्लांट खिडकीजवळ असेल तरच. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट मात्र नाही. दोघांच्याही जमिनीखाली पाणी साठवणारे कंद असतात, सतत ओल मिळाली की ते सडतात. गंमत म्हणजे जाहिरातींच्या फोटोंमध्ये हटकून हीच दोन झाडं या कुंडीत दिसतात, कारण ती सरळसोट, देखणी असतात. त्यांना साधी भोकाची कुंडी आणि कोरडी माती द्या. जेड आणि इतर सक्युलंट्सचंही तेच.

झाड किती पाणी पिणार हे कुंडी ठरवत नाही, उजेड ठरवतो. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी कमी पितं, पण वात मातीला ओलं ठेवायचं काम सोडत नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं एखादं अॅप टाकून दुपारी बाराच्या सुमारास पानांच्या उंचीवर मोजा. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. १००० ते २००० लक्स असेल तर निश्चिंत. ५०० च्या खाली असेल तर त्या जागी ही कुंडी नको. आपल्या इमारतींमध्ये बॉक्स ग्रिल, वरचा छज्जा, टिंटेड काच आणि पडदा यांतून उजेड आत येतो, त्यामुळे ‘खिडकीपासून दोनच मीटर आहे’ हे पुरेसं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये उजेड घटतो आणि हवाही दमट असते. एप्रिलमध्ये आठवड्यात संपणारी टाकी तेव्हा कितीतरी जास्त दिवस टिकते. पावसाळ्यात निम्मीच भरा.

जास्त दिवस टिकणारं पाणी म्हणजे डासांचा प्रश्न, आणि याबद्दल विक्रेते चकार शब्द काढत नाहीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो, आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मुंबईत पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पावसाळ्यात मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या बशा तपासतात, ते याचसाठी. बंद दिसणारी टाकी त्यांच्या नजरेतून सुटेल, डासाच्या नाही. भरायच्या तोंडावर आणि जादा पाण्याच्या भोकावर मच्छरजाळीचा तुकडा घट्ट बसवा. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून आतली भिंत ब्रशने घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात.

पाणी खालून चढतं आणि वरून उडून जातं, क्षार मात्र वरच राहतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरा पापुद्रा धरतो आणि पानांची टोकं करपतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा आतलं भांडं बाथरूममध्ये नेऊन वरून भरपूर पाणी सोडा. ४ लिटरच्या कुंडीला १० ते १२ लिटर. आरओ मशीनमधून फेकलं जाणारं पाणी कधीही वापरू नका, त्यात क्षार दाट झालेले असतात. एसीचं पाणी चालतं. खत द्यायचं तर विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, तेही एक आड एक भरणीला. जीवामृत, चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी या टाकीत नको. चार दिवसांत घरभर वास येईल.

सजावटीच्या अंगाने ही कुंडी कमी पडते. चकचकीत पांढरं प्लास्टिक चांगल्या सोफ्याशेजारी स्वस्त दिसतं आणि वर डोकावणारा पातळीचा दांडा अजूनच. यावरचा छान मार्ग म्हणजे तिला दुसऱ्या भांड्यात लपवणं. जुनं पितळी घंगाळ असेल तर ८ इंची कुंडी आत ठेवून पीस लिली लावा, थेट पितळेत झाड लावण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण घंगाळाला खाली भोक नसतं. कडेने बोटभर मोकळी जागा ठेवा. फक्त टाकीतून ओसंडलेलं पाणी घंगाळाच्या तळाला साठतं आणि दिसत नाही, म्हणून भरल्यावर तासाभराने आत हात घालून बघा. वेताच्या टोपलीत ठेवणार असाल तर खाली ताटली हवीच. पीस लिलीची कुंडी थेट जमिनीवर ठेवली की सोफ्याआड हरवते, ३०-४० सेंटिमीटरच्या स्टँडवर पानं हाताच्या उंचीला येतात. मनी प्लांट मॉस स्टिकवर चढवलात तर वात त्या काठीपर्यंत पाणी पोहोचवत नाही, काठीवर वेगळं फवारावं लागतं. आणि १२ इंची भरलेली कुंडी दहा किलोंच्या आसपास जाते, तिला काचेच्या टीपॉयवर जागा नाही.

डब्यावर ‘हवा शुद्ध करते’ असं लिहिलं असेल तर त्याचे पैसे देऊ नका. हा दावा नासाच्या १९८९ च्या बंदिस्त पेटीतल्या प्रयोगांवर उभा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा नेहमीच्या वायुविजनाशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा हिशेब निघाला. खिडकी उघडणं सोपं. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर पीस लिली, मनी प्लांट, सिंगोनियम उंचावरच ठेवा. पानं चावली तर तोंडाची आग होते.

बाल्कनीसाठी हे विकत घेऊ नका. आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला वातीचं भोक, भिंतीला जादा पाण्याचं भोक, वर साधी कुंडी आणि अॅक्रेलिक लोकरीची वात एवढ्यात तेच काम होतं. हॉलसाठी ८ इंची, मॅट रंगाची, पायाची कुंडी घ्या, आणि ती अशा विक्रेत्याकडून घ्या ज्याच्याकडे तरंगणारा दांडा सुटा मिळतो. या कुंडीत सगळ्यात आधी मोडतो तो तोच.