प्वालान की लाद्युरे: ओट्यावर कुठलं पुस्तक टिकतं?

पॅरिसच्या एखाद्या नावाजलेल्या बेकरीचं एकच पुस्तक घ्यायचं आहे, प्वालानचं घेऊ की लाद्युरेचं, असं हल्ली बेकिंगवाल्या मित्रमंडळींत दोघातिघांनी विचारलं. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्हींतलं बरंच करून झालंय. राहायला ठाण्यात, घरात साधा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन), आणि घरातले सगळेच अंडं खातात असं नाही. पुढचं सगळं या बेताचंच आहे, तुमचं स्वयंपाकघर वेगळं असेल तर हिशोबही वेगळा निघेल.

देखणेपणात लाद्युरेचा हात कुणी धरणार नाही. १८६२ साली रू र्वायाल या रस्त्यावर साधी पावाची बेकरी म्हणून सुरू झालेलं हे दुकान १८७१च्या आगीनंतर पेस्ट्रीकडे वळलं, आणि छतावर गुबगुबीत देवदूत रंगवून घेतले गेले. पुस्तकालाही तोच नखरा: खोक्यात येतं, पानांच्या कडा सोनेरी. भेट द्यायचं असेल तर प्रश्नच मिटला. आतल्या कृती नेटक्या आहेत आणि फोटो बघूनच अर्धं पोट भरतं. मॅकरॉन म्हणजे बदाम आणि अंड्याच्या पांढऱ्याची फ्रेंच मिठाई. तिच्या दोन कवचांमध्ये गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं सारण, भरून जोडी लावायची कल्पना याच घराण्यातल्या पिएर देफोंतेनची, असं लाद्युरेवाले सांगतात. त्यामुळे हे पुस्तक घेणारा माणूस मॅकरॉनसाठीच घेतो, आपण कशाला खोटं बोला.

आणि माझं घोडं अडलं ते तिथेच.

बदाम मिक्सरमध्ये जरा जास्त फिरले की तेल सुटून लगदा होतो. ते सांभाळता येतं: आयसिंग शुगर सोबत घालायची, थांबून थांबून फिरवायचं, मग चाळायचं. अंड्याच्या पांढऱ्याचा फेसही हाताला सवय झाली की जमतो. कटकट सुरू होते त्यानंतर. ट्रेवर पाडलेल्या चकत्या ओव्हनमध्ये जाण्याआधी वरून सुकाव्या लागतात. बोट टेकवलं तर चिकटता कामा नये, वर पातळ पापुद्रा धरायला हवा. तो धरला की आतली वाफ वरून फुटून निघत नाही, खालच्या कडेने निघते आणि मॅकरॉनला ती सुप्रसिद्ध झालर येते. नाही धरला तर माथ्याला तडा.

आता जुलैमध्ये ठाण्यात काय सुकतं ते सांगा. इथे दोरीवरचा टॉवेल सुकत नाही. चकत्यांवर बोट टेकवावं तर तासाभरानेही बोटाला गुलाबी ठिपका. पंख्याखाली ठेवल्या तर पंखा ओलीच हवा फिरवतो. शेवटी एसी बेडरूममध्येच आहे म्हणून ट्रे पलंगावर, दार बंद, आणि घरच्यांना हॉलमध्ये बसायची विनंती. कवचं छान उतरली तरी सुटका नाही. मॅकरॉन भरल्यावर दिवसभर फ्रीजमध्ये मुरवायचे असतात. पावसाळ्यात बाहेर काढले की त्यांना घाम फुटतो आणि पाहुण्यांपुढे जाईपर्यंत चिकट होतात. शिवाय उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करायचं हा प्रश्न दर वेळी आहेच. पुस्तकाचा यात काही दोष नाही. खाडीकाठच्या हवेला ते तरी काय करणार? पण मिठाई करण्यासाठी घरच्यांना बेडरूमबाहेर काढावं लागतं हे एकदा डोक्यात बसलं आणि पुस्तक कपाटात वर गेलं.

प्वालानचं पुस्तक दिसायला तितकं श्रीमंत नाही. १९३२ पासून शेर्श-मिदी रस्त्यावरच्या तळघरात लाकडाच्या भट्टीत पाव भाजणारी ही मंडळी. आधी संस्थापक पिएर, मग त्यांचा मुलगा लिओनेल, आणि त्याची मुलगी, २००२ साली आईवडील हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर अठराव्या वर्षी कारभार हाती घेणारी, पुढे हार्वर्डला शिकता शिकता दुकान चालवणारी अपोलोनिया. २०१९चं हे इंग्रजी पुस्तक तिचं. दुकानाचा मुख्य पाव म्हणजे मीश: जवळपास दोन किलोचा गोल गरगरीत, माथ्यावर कोरलेला 'पी'. जात्याच्या दगडाखाली दळलेलं गव्हाचं पीठ, पाणी, फ्रान्समधल्या गेरांदचं समुद्री मीठ आणि आंबवण, म्हणजे आधीच आंबवून ठेवलेलं पीठ.

हे दगडावरचं दळण आपल्याला परकं नाही. गिरणीतून आणलेलं पीठ मी बारीक चाळणीने चाळतो, जाडसर कोंडा काढतो आणि त्यात थोडा मैदा मिसळतो. आपलं पीठ फार बारीक दळलेलं असतं, पाणी जास्त पितं, म्हणून कणिक सैल ठेवावी लागते. पॅरिसच्या पावाशी हुबेहूब चव जुळली असं म्हणणार नाही, पण घरात दुसऱ्या दिवशी तुकडा उरत नाही. ओटीजीत दोन किलोचा मीश मावत नाही, निम्म्याचा करा. आणि यात अंडं नाही, त्यामुळे श्रावणात, चतुर्थीला, सासूबाई आलेल्या असताना, कधीही करता येतो.

कुरकुरी इथेही आहेत. आपल्या उकाड्यात आंबवण पुस्तकातल्या वेळापत्रकाने चालत नाही, फार लवकर फुगतं आणि आंबट होतं. गार पाणी आणि रात्रभर फ्रीज, हा माझा तोडगा. पॅरिसमध्ये आठवडाभर टिकणारा पाव पावसाळ्यात इथे बुरशी धरतो, म्हणून काप करून फ्रीझरमध्ये टाकावे. पुस्तकात गोष्टी, आठवणी बऱ्याच आहेत. ज्याला नुसत्या कृती हव्यात त्याला पानं उलटत बसावं लागेल. मला तो भाग आवडला, पण प्रत्येकाला आवडेलच असं नाही.

शिळ्या पावाचं काय करायचं, हे मात्र या पुस्तकात मनापासून लिहिलंय. फोडणीची पोळी करणाऱ्या घराला ते लगेच पटतं. लाद्युरेत असं शिळं काही उरतच नाही, कारण तिथे सगळं सणासुदीचं.

तुम्ही नागपूरला किंवा संभाजीनगरला असाल तर कोरड्या हवेत मॅकरॉन तुमच्यावर प्रसन्न होतीलही. मग माझी बेडरूमची कहाणी सोडून द्या आणि खुशाल लाद्युरे घ्या. (नागपूरच्या मे महिन्यातलं आंबवण कसं आवरायचं, हे तिथल्यांनीच सांगावं.) मीही डिसेंबरात ते खाली काढतो. पण मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात राहून एकच घ्यायचं असेल, तर माझं मत प्वालानला.

घेतलंत तर पहिल्याच दिवशी मीशच्या मागे लागू नका. आधी बटरची छोटी बिस्किटं करा, तीही याच दुकानाची ओळख आहे. बटर, साखर, एक अंडं, मैदा, एवढंच. पीठ फार मळू नका, तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग लाटा, आणि कडा तांबूस व्हायला लागल्या की लगेच बाहेर काढा. यात बेकिंग पावडर नसते, छापायची राहिली असेल असं समजून घालू नका.