वर्डप्रेसमधला 'पेज ब्रेक': लांब लेख पानापानांत तोडायचा का?

केळीच्या लागवडीपासून काढणीपर्यंतचा लेख लिहिला की तो सहज चार हजार शब्दांवर जातो. तो साइटवर टाकताना वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमधला 'पेज ब्रेक' ब्लॉक हमखास खुणावतो. एका क्लिकसरशी लेखाची तीन-चार पानं होतात, खाली 1, 2, 3 असे आकडे येतात आणि लेख आटोपशीर दिसायला लागतो. सोय फुकट आहे, वर्डप्रेसमध्ये आधीपासून आहे, प्लगइनची, म्हणजे वरून जोडायच्या सॉफ्टवेअरची, गरज नाही. तरी वावरात उभं राहून वाचायच्या माहितीसाठी आम्ही तिला पाचांपैकी दोनच गुण देऊ. कारणं खाली सविस्तर दिली आहेत, आणि ही सोय कुठे शोभते तेही.

वापरायला सोपी आहे यात शंका नाही. ब्लॉक एडिटरमध्ये दोन परिच्छेदांच्या मधल्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारायची, 'पेज ब्रेक' शोधायचा, अपडेट करायचं. जुन्या क्लासिक एडिटरमध्ये विंडोजवर ऑल्ट, शिफ्ट आणि पी एकदम दाबलं की झालं. दुसऱ्या पानाच्या पत्त्याला शेवटी 2 जोडला जातो, तिसऱ्याला 3. लेखाच्या अगदी सुरुवातीला टाकलेला ब्रेक वर्डप्रेस सरळ दुर्लक्षित करतं. गट किंवा कॉलम ब्लॉकच्या आत तो टाकता येत नाही, आणि ते बरंच आहे. क्लासिक एडिटरमध्ये मात्र अशी अडवणूक नाही. तिथे तक्त्याच्या किंवा यादीच्या मधोमध ब्रेक पडला तर एका पानावर तक्ता उघडतो आणि बंदच होत नाही, पुढच्या पानावर सुट्या ओळी लोंबकळतात.

सगळ्यात मोठा धोका थीमचा, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याचा. पानांचे आकडे थीम दाखवते. हाताने बनवलेल्या किंवा स्वस्तात घेतलेल्या काही थीममध्ये आकडे दाखवणारी ती ओळच नसते. मग पहिल्या पानानंतरचा मजकूर वाचकाला दिसतच नाही. एडिटरमध्ये सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे लेखकाला पत्ता लागत नाही. म्हणून ब्रेक टाकल्यावर लॉगिन नसलेल्या मोबाइलवर लेख उघडून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा जाऊनच बघायचं. आकडे दिसले तरी ते बहुतेक वेळा इतके बारीक असतात की अंगठ्याने 2 दाबायला जावं आणि 3 उघडावं. थीममधल्या त्या ओळीत 'पुढचं पान' अशी शब्दांतली लिंक मागता येते, तेवढा बदल तरी नक्की करा. पुढच्या पानावर काय आहे त्याचं नाव मात्र ती सोय आपोआप दाखवत नाही.

तोडायचं कारण विचारलं की 'पान जड होतं' असं सांगतात. इथे जरा हिशेब करू. वेबवर चालणाऱ्या यूटीएफ-8 युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. चार हजार शब्दांची साधारण 24 हजार चिन्हं धरली तर 72 हजार बाइट, मोकळ्या जागा धरून 76 केबीच्या आसपास. सर्व्हरवर जीझिप (मजकूर दाबून पाठवायची सोय) चालू असेल तर हे दाबून विसेक केबीवर येतं. आता लेखातला घडाचा एक फोटो बघा. मोबाइलमधून थेट टाकला तर तीन-चार एमबी. म्हणजे अख्ख्या लेखाचा मजकूर एका फोटोच्या जवळपासही जात नाही. मजकूर तोडून वाचतं ते चिमूटभर. उलट प्रत्येक नव्या पानाबरोबर मेनू, बाजूची पट्टी आणि जाहिरातींचे कोड पुन्हा चालतात, म्हणजे चार पानं वाचणाऱ्याचा डेटा एका पानापेक्षा जास्त जातो.

जड पान हलकं करायचं तर फोटो हलके करा. रुंदी 1200 पिक्सेल पुरते, वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात तसा फोटो शंभर-दीडशे केबीत बसतो. वर्डप्रेस 5.8 पासून, म्हणजे 2021 पासून, वेबपी थेट अपलोड होतं. 2020 मधल्या 5.5 आवृत्तीपासून फोटो वाचक जवळ आल्यावरच उतरतील अशी सोयही आपोआप लागते, फक्त फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहिलेली हवी. दुसरीकडून उचलून चिकटवलेल्या फोटोंना ती नसते. मग सोय लागत नाही, वर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो.

आता हा लेख वाचला कुठे जातो ते बघा. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात. प्रति झाड 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 200 ग्रॅम पालाश ही ओळ पान 2 च्या तळाशी आली, आणि ही मात्रा एकदम द्यायची नसून पिकाच्या वयाप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यायची आहे हे वाक्य पान 3 वर गेलं. पान 3 उघडलंच नाही तर वाचणाऱ्याच्या हातात राहते ती फक्त एकूण मात्रा. फवारणीचंही तसंच. औषधाचं प्रमाण एका पानावर आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पुढच्या पानावर, असं अजिबात होता कामा नये. मात्रा, वेळ आणि सावधगिरी या तिन्ही गोष्टी एका नजरेत राहिल्याच पाहिजेत.

नेटवर्कचा मुद्दा त्याहून साधा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते. एकपानी लेख घरी उघडून ठेवला तर मजकूर वावरातही समोर असतो. तोडलेल्या लेखाचं फक्त उघडलेलं पान राहतं. क्रोममध्ये 'डाउनलोड' केलं तरी तेवढंच उतरतं, प्रिंट काढली तरी तेवढंच निघतं. 'पेजमध्ये शोधा' वापरून 'करपा' शोधला आणि करपा पान 4 वर असेल तर उत्तर येतं शून्य. वाचणाऱ्याला वाटतं, लेखात करप्याबद्दल काही नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कुणी तिसऱ्या पानाची लिंक टाकली की वर लेखाचंच मथळा-चित्र दिसतं आणि उघडल्यावर वाक्य मध्येच सुरू होतं. नंतर तुम्ही ब्रेक दोन परिच्छेद वर सरकवला, तर गटात फिरणारी जुनी लिंक आता भलतंच दाखवते.

गूगलपुरतं थोडक्यात. 'आधीचं-पुढचं पान' सांगणारी खूण आता वापरत नाही, असं गूगलने मार्च 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्या खुणेवर विसंबून पानं जोडली जातील अशी आशा धरू नका. वर्डप्रेस प्रत्येक पानाला त्याचाच कॅनॉनिकल पत्ता (गूगलने मूळ मानायचा पत्ता) देतं, तो तसाच राहू द्या. एसईओ प्लगइनमध्ये, म्हणजे साइट गूगलच्या शोधात यावी म्हणून लावलेल्या प्लगइनमध्ये, हाताने पहिल्या पानाचा पत्ता भरला तर पुढच्या पानांवरचा मजकूर शोधात येणं अवघड होतं.

तोडण्याचं खरं कारण बऱ्याचदा पानदर्शनांचा, म्हणजे पानं किती वेळा उघडली त्याचा, आकडा असतो. वाचक एक, आकडा चार. ठिबकच्या किंवा रोपांच्या स्थानिक जाहिरातदाराला मात्र माणसं किती आली ते हवं असतं. त्याला वापरकर्त्यांची संख्या दाखवा, ती पानं तोडून वाढत नाही.

पेज ब्रेक शोभतो तो वेगळ्या मजकुराला. स्पर्धा परीक्षेचे 100 सरावप्रश्न 25-25 चे चार संच करून द्यायचे असतील तर उत्तम, कारण एक संच सोडवला की थांबायचंच असतं. अशा वापराला आम्ही पाचांपैकी चार देऊ. 1936 च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासारख्या विषयावरचा सलग लेख मात्र तोडू नका. जळगावहून सुरतेकडच्या गाडीत बसून वाचणाऱ्याचा धागा पान उघडण्याची वाट बघताना तुटतो.

लांब माहितीला आमची पसंती एकपानी लेख आणि वर अनुक्रमणिका. प्रत्येक उपशीर्षक निवडून उजवीकडच्या 'प्रगत' भागातल्या 'एचटीएमएल अँकर' रकान्यात छोटं नाव द्यायचं आणि अनुक्रमणिकेतली ओळ त्या नावाला जोडायची. नाव रोमन लिपीत चार-पाच अक्षरांचं ठेवा. देवनागरी चिन्ह पत्त्यात शिरलं की त्याची नऊ अक्षरं होतात, आणि शेअर केलेली लिंक टक्क्यांच्या खुणांनी भरून जाते. लेखाच्या पत्त्यालाही हाच नियम. वर्डप्रेस तिथे 200 अक्षरांपर्यंतच जागा देतं, म्हणजे देवनागरी मथळा 22 चिन्हांवर कापला जातो. वरची पट्टी चिकटून राहणारी असेल तर उडी मारल्यावर उपशीर्षक तिच्याखाली दडतं. उपशीर्षकांना सीएसएसमधून (साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) 80 पिक्सेलचा 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' दिला की ते मोकळं दिसतं.

तरीही लेख फार लांबत असेल तर पानं पाडण्याऐवजी स्वतंत्र लेख करा. केळीची जून-जुलैच्या लागवडीची मृगबाग आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीची कांदेबाग यांचे दोन लेख, दोन मथळे, दोन पत्ते. कांदेबागवाल्याला मृगबागेचं पान ओलांडून जावं लागत नाही.

आधीच तोडलेले लेख जोडायचे असतील तर ब्रेक ब्लॉक काढा, पान 2, 3, 4 च्या जुन्या पत्त्यांना मूळ लेखावर 301 रीडायरेक्ट द्या (म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवा), कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, पूर्ण रिकामी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची एखादी जुनी लिंक उघडून ती कुठे नेते ते बघा.