लोखंडी ट्री गार्ड: गुरांपासून राखलं, उन्हापासून नाही

इंदिरानगरला आमच्या गल्लीत मागच्या पावसाळ्यात करंज लावला, तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याकडून १२०० रुपयांना ट्री गार्ड करून घेतलं. काळा ऑइलपेंट, आणि पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, सोसायटीच्या नावाचा पत्रा. मजबुतीबद्दल तक्रार नाही. मोकाट गाई अंग घासून गेल्या, एक रिक्षा मागे घेताना आदळली, रोपाला धक्का लागला नाही.

पण एप्रिलमध्ये याच गार्डनं रोप हातचं जायची वेळ आणली. दुपारी तीनला पत्र्याला मनगट टेकलं आणि फोडच आला. खोड त्याच पत्र्यापासून चार बोटांवर! वाकून पाहिलं तर तिकडची साल काळपट पडून उभी तडकलेली. करंजाला चैत्रात पालवी येते. ती कोवळी पानं कडेनं करपून हातात चुरत होती. मोठ्या झाडाची साल जाड असते, अंगठ्याएवढ्या खोडाची कुठून असणार? सालीखालचा जिवंत थर भाजला की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरत नाही. त्यात काँक्रीटचा रस्ता आणि बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक. रात्री दहालाही ब्लॉक हाताला गरम लागायचे. नाशिकची रात्र एरवी गार, पण या रोपाच्या वाट्याला ती येतच नव्हती. मुळं अशी शेकत असतील तर नुसतं पाणी ओतून भागत नाही.

पत्रा काढून टाकला. गार्डला पांढरा रंग दिला, पश्चिमेकडून गोणपाट बांधलं. ब्लॉकच्या दोन रांगा उचलून आळं मोठं केलं आणि त्यात रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं पसरली. (आधी कडक वाळवा, ओली टाकली तर मुंग्या येतात.) पाणी सकाळी सहाला. मेअखेरीस तडकलेल्या जागेच्या खालून दोन कोंब आले.

पाचपैकी तीन तारे. घेणार असाल तर उघड्या जाळीचं घ्या, पाटी अजिबात नको, आणि खोडाच्या चहूबाजूंनी वीतभर तरी मोकळी जागा राहील एवढं रुंद करून घ्या. पांढरा रंग ऑर्डर देतानाच सांगा; त्यांच्याकडे काळ्याचा डबा उघडाच असतो.