चामड्याची सीट की गादीची? लांब पल्ल्यासाठी निवडताना

लांब पल्ल्याची सायकल चालवायला लागलं की पहिलं भांडण होतं ते सीटशी. मग दोन रस्ते समोर येतात. एक, फोमची किंवा जेलची गादी असलेली, मधे खाच दिलेली हल्लीची सीट. दुसरा, जुन्या घडणीची, ताणलेल्या चामड्याची. मी दोन्ही मनसोक्त वापरल्यात. रेल म्हणजे सीटखालच्या दोन सळ्या आणि क्लॅम्प म्हणजे त्यांना धरणारी पकड, एवढं ठाऊक आहे असं धरूनच लिहितोय.

गादीच्या सीटला कडक कवच असतं, त्यावर फोम आणि वर आवरण. चामड्याच्या सीटला कवच नसतंच. मागे पोलादी पट्टी, पुढच्या टोकाशी दुसरा आधार आणि या दोघांमधे जाडजूड चामडं रिव्हेट (धातूच्या खिळ्या) मारून ताणलेलं. खाली सगळं पोकळ. गादीत तुमचं वजन मऊ थराला दाबत कवचापर्यंत जातं. चामड्यात ते ताणावर तोललं जातं. पुढचे बहुतेक फायदे-तोटे या एका फरकातून निघतात. ही घडण नवी नाही. बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली सुरू झालेल्या ब्रूक्स कंपनीने सीटचं पेटंट १८८२ मध्ये घेतलं, आणि त्यांचं बी१७ हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळपास त्याच रूपात विकलं जातंय. जुनं आहे म्हणून चांगलं, असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं लोक उगाच काही विकत घेत राहत नाहीत.

दुकानात अंगठ्याने दाबून बघाल तर गादीच जिंकणार. चामड्याची नवी सीट टेबलासारखी टणक लागते, आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. पहिल्या तासाभरातही गादीला तोड नाही. माझी गाडी अडली ती त्यानंतर.

मऊ गादीवर बैठकीची दोन हाडं रुततात तेव्हा तिथला फोम दबून बाजूला सरकतो. त्यातला थोडा मधोमध वर येतो, आणि नेमकं तिथूनच नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मग मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणूनच उत्पादकांनी मधे खाच दिली. कल्पना रास्त आहे आणि पुष्कळांना तिने आराम पडतो, हे आधीच कबूल करतो. मला मात्र खाचेने नवीनच कटकट दिली: तिच्या कडा. खाच म्हणजे बसायला तेवढी जागा कमी, आणि उरलेल्या भागावर भार जास्त. सरळ बसलेलो असताना काही जाणवत नसे. समोरून वारा लागला की मी हँडलच्या खालच्या भागाला हात लावून वाकायचो. वाकलं की कंबर पुढे झुकते, आणि भार हाडांवरून निघून पुढे खाचेच्या कडांवर येतो. माझ्या बाबतीत डावी कड काचायची, नेहमी डावीच. आधी नुसती एक रेघ जाणवायची, मग त्या रेघेची आग व्हायची. ती चुकवायला मी नकळत उजवीकडे सरकून बसायचो, आणि तसं काही वेळ चालवलं की उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकायला लागायचा. शॉर्ट्सचं पॅड बदललं, सीट अंशभर वाकवून पाहिली, क्रीम लावलं. कड तिथल्या तिथे. अंतर कितीही कापलं तरी घरी आल्यावर आठवायची ती कड. बाकी त्या सीटबद्दल माझी काडीची तक्रार नाही, पण दर थोड्या वेळाने पेडलवर उभं राहून बूड हलवायचं, याला लांब पल्ला म्हणवेना.

चामड्याच्या सीटवर कडच नसते. हाडांखालचं चामडं हळूहळू खाली जातं आणि दोन उथळ खळगे पडतात. मधला भाग वर येऊन टोचत नाही, कारण बाजूला सरकायला फोमच नाही. काही महिन्यांत माझ्या सीटवर उजवा खळगा डाव्यापेक्षा किंचित खोल पडला. माझी बैठक सरळ नाही हे मला सीटने सांगितलं, आणि आपल्यापरीने तिने ते सांभाळूनही घेतलं. मुख्य म्हणजे मी एका जागी बसायला लागलो. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

आता दुसरी बाजू. चामडं सगळ्यांना मानवतं असं नाही, आणि न मानवण्याचं कारण बहुतेक वेळा चामडं नसून रुंदी असते. मागची पोलादी पट्टी कधीच वाकत नाही. तुमची हाडं त्या पट्टीवर किंवा रिव्हेटवर टेकत असतील, तर ती सीट जन्मात रुळणार नाही. हाडं पट्टीच्या आत, निव्वळ चामड्यावर यायला हवीत. पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, गुडघे थोडे वर घेऊन त्यावर बसा आणि उमटलेल्या दोन खड्ड्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. त्यात निदान दोन सेंटिमीटर मिळवून जी रुंदी येईल, त्याहून अरुंद सीट घेऊ नका. हँडल सीटच्या उंचीला किंवा जरासं खाली असेल तर बी१७ची रुंदी पुष्कळांना जमते. हँडल बरंच खाली असेल तर तिची अरुंद आवृत्ती किंवा स्विफ्टसारखं मॉडेल बघा. अगदी ताठ बसत असाल तर रुंद आणि स्प्रिंगवाली. नुसत्या बी१७ला स्प्रिंग हव्या असतील तर फ्लायर. वजन गादीच्या सीटपेक्षा बरंच जास्त, अर्ध्या किलोच्या आसपास किंवा वर. ग्रॅम मोजणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी मी रागावणार नाही.

रुळण्याचं भय मात्र उगाच वाढवून सांगतात. ५०० ते १,००० किलोमीटर असा आकडा नेहमी ऐकू येतो. काहींना पहिल्याच आठवड्यात ती बरी वाटते, काहींना पावसाळा-हिवाळा निघून जातो. दुखतंय कुठे, याकडे लक्ष द्या. हाडांखाली बोथट दुखत असेल तर ते रुळण्यातलं दुखणं, ओसरतं. एका ठिकाणी टोकदार बोचत असेल तर पट्टी लागतेय, म्हणजे रुंदी चुकली. बधिरपणा येत असेल तर सीट फार उंच आहे किंवा टोक फार वर. सुरुवातीला छोट्या फेऱ्या मारा. अंगाची ऊब आणि घामाचा ओलावा आपलं काम करतात. सीट पाण्यात बुडवा, तेलात भिजवा, हातोड्याने ठोका असले उपाय ऐकाल. चामडं लवकर मऊ होतं हे खरं, पण मऊ झालेलं चामडं पुढे ताणतच जातं आणि तिचं आयुष्य आधीच खर्ची पडतं. घाई असेल तर मुळातच मऊ केलेल्या चामड्याची सीट मिळते, ती घ्या. ती अर्थात लवकर सैलही पडू शकते.

बसवताना दोन कटकटी ठरलेल्या. पहिली, रेलचा पकडण्याजोगा सरळ भाग आखूड असतो, त्यामुळे सीट हवी तेवढी मागे जात नाही. तुमची आत्ताची सीट रेलच्या शेवटापर्यंत मागे ढकललेली असेल, तर चामड्याच्या सीटबरोबर जास्त मागे झुकणारा सीटपोस्टही (सीट बसते तो दांडा) घ्यावा लागेल, हे हिशेबात धरा. दुसरी, टोकाचा कोन. नवं चामडं गुळगुळीत असतं. टोक सपाट ठेवलं की माणूस पुढे घसरतो आणि भार मनगटांवर येतो. म्हणून टोक किंचित वर ठेवायचं. किती? हात हँडलवर नुसते टेकलेले राहतील आणि पुढे मऊ भागावर दाब येणार नाही, इतकंच. ही जागा फार अरुंद असते. दात्यांचा क्लॅम्प असलेला सीटपोस्ट असेल तर एक दाता कमी आणि पुढचा जास्त, असा वैताग येतो. दोन बोल्टने बारीक कोन साधणारा सीटपोस्ट इथे पैसे वसूल करतो. सीट रुळली की बसायची जागा काही मिलिमीटर खाली जाते. तेव्हा उंची पुन्हा बघा.

टोकाखालचा ताणाचा बोल्ट हा चामड्याच्या सीटचा खरा फायदा, आणि लोकांची सगळ्यात मोठी खोडही. सुंभाची बाज सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून घेतात, तेच काम हा बोल्ट करतो. पण नवी सीट टणक आहे किंवा मऊ वाटत नाही म्हणून तो फिरवायचा नसतो. बसल्यावर चामडं झोळीसारखं खाली जायला लागलं, बाजूचे पदर बाहेर पसरून मांड्यांना लागायला लागले किंवा मधला कणा वर आल्यासारखा वाटला, तरच. तोही पाव फेरा, मग आठ-पंधरा दिवस चालवून बघायचं. जास्त ताणलं तर रिव्हेटपाशी चामडं फाटू शकतं. पदर फारच पसरत असतील तर बोल्टच्या वाटेला जाण्याआधी खालून दोन्ही पदरांना भोकं पाडून नाडीने बांधून घेतात. हा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. ज्यांना चामड्यातही मधे मोकळी जागा हवी, त्यांच्यासाठी सेले अ‍ॅनाटोमिकासारख्या उभी चीर असलेल्या सीटा आहेत. फ्रान्सच्या जिल बेर्तूच्या सीटांना रिव्हेटऐवजी स्क्रू असतात, त्यामुळे चामडं थकलं तर तेवढंच बदलता येतं.

आता पाऊस. गादीची सीट इथे सरळ पुढे आहे. ओली झाली तर पुसायची आणि निघायचं. (आवरण फाटलेलं असेल तर मात्र फोम पाणी पितो आणि पुढचे दोन दिवस तुमची पँट ओली करतो.) चामडं ओलं असताना त्यावर बसून चालवलं तर ते वेडंवाकडं ताणतं, आणि ते परत येत नाही. वरच्या पावसाची काळजी सगळे घेतात. सीट बिघडते ती बऱ्याचदा खालून, मागच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने, कारण खालची बाजू कच्ची आणि उघडी असते. म्हणून मागे मडगार्ड हवाच. तो नसेल आणि लावायचाही नसेल, तर चामड्याच्या भानगडीत पडू नका. सीटच्या पिशवीत एक साधी प्लास्टिकची टोपी ठेवायची, ढग आले की चढवायची. तरीही भिजलीच तर सावलीत, मोकळ्या हवेत सावकाश वाळू द्यायची. ऊन, हीटर, हेअर ड्रायर, काही नको. चामडं आवळून कडक होतं. पूर्ण वाळल्यावर मेण.

मेणाचं म्हणाल तर प्रूफाइड किंवा तसलंच सीटचं मेण. नवी असताना खालच्या कच्च्या बाजूला सढळ हाताने, वर पातळसा थर, रात्रभर ठेवून सकाळी फडक्याने घासून चमकवायचं. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा पुरतं. दर रविवारी मेण चोळणारे प्रेमाने सीट मारतात. बूट मऊ करायचं तेल लावू नये, ते फार आत मुरतं. दमट हवेत सीट नुसती पडून राहिली तर पांढरी बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसा, वारा लागू द्या आणि चालवत राहा. नव्या गडद सीटचा रंग सुरुवातीला फिक्या कपड्यांना लागू शकतो, तेवढं सांभाळा.

इतकं सगळं ऐकून "हे प्रकरण कोण सांभाळणार" असं वाटलं, तर ते खोटं नाही. रोज तासाभराच्या आत चालवत असाल, सायकल बाहेर उघड्यावर उभी राहत असेल, घरातले तिघे-चौघे तीच सायकल वापरत असतील, किंवा शर्यतीसाठी वाकून जोरात चालवत असाल, तर मी स्वतः गादीचीच घ्या म्हणेन, फक्त फार मऊ नको. प्राण्याचं कातडं नकोच असेल तर प्रश्नच मिटला. मेणातही बहुधा चरबी असते, हेही लक्षात घ्या. चामड्याची सीट चोरांच्या नजरेत जास्त भरते, हाही मुद्दा आहे.

पण आठवड्याच्या शेवटी दिवसभर चालवणारे असाल, मडगार्ड असेल, सायकल छपराखाली राहत असेल आणि गादीवर तिसऱ्या-चौथ्या तासाला चुळबुळ सुरू होत असेल, तर एक हंगाम चामड्याला देऊन बघा असं सुचवीन. वापरलेली स्वस्तात मिळाली तर खळगे आधी बघा. ते दुसऱ्याच्या हाडांचे असतात आणि जुळतीलच असं नाही. खालून बोल्टही बघा. त्याचे आटे संपत आले असतील तर ताणायला जागा उरलेली नाही, म्हणजे ती सीट कितीही चमकत असली तरी संपलेली आहे. नवी घेत असाल तर आणल्या आणल्या मेण लावू नका. आधी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) किंवा भिंतीला टेकवून, नेहमीच्या शॉर्ट्समध्ये अर्धा तास बसा आणि हाडं पट्टीला लागतात का ते पाहा. लागत असतील तर कोरी सीट दुकानदार बहुधा परत घेईल. मेण लावलेली घेईलच असं नाही.